माळ्यावरच्या ११ किटल्या : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नाशिकला गंगापूर रोडला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली भाड्याने राहतात. जूनमध्ये येताना प्रत्येकीच्या सामानात गादी, बादली आणि इलेक्ट्रिक किटली असतेच. परीक्षा संपून घरी जाताना गादी-बादली कुणीतरी घेतं, बंद पडलेली किटली मात्र खोलीतच राहते. आमच्या माळ्यावर अशा ११ किटल्या साठल्या.

त्या बिघडतात कशा, हे मी जवळून पाहिलं आहे. उन्हाळ्यात आम्हाला बोअरचं पाणी वापरावं लागतं. त्यातले क्षार उकळताना तळाला बसतात. आधी पांढरट डाग पडतात, मग नखाने खरवडता येईल असा थर धरतो. पाणी उशिरा तापतं आणि तळ नको तेवढा तापतो. मुली तारेच्या घासणीने घासत बसतात. खरं तर लिंबूसत्व पुरतं. अर्धी किटली पाण्यात दोन चमचे टाकून एक उकळी आणायची आणि अर्धा तास तसंच ठेवायचं, थर सुटून येतो. मग साधं पाणी दोनदा उकळून ओतून द्यायचं. बाहेरून ओलं फडकं फिरवायचं, तेही प्लग काढून, किटली गार झाल्यावर. नळाखाली धरली की तळाच्या जोडणीत पाणी शिरतं. आणि दूध, मॅगी त्यात कधीच नाही. हे सगळं मी प्रत्येक खोलीच्या दारामागे लिहून लावलं आहे.

शेजारच्या काकांनी (आयुष्यभर वायरमनची नोकरी केलेले) तीन किटल्या उघडायला घेतल्या. मुठीजवळ दोन धातूंची एक लहानशी चकती असते. पाणी उकळलं की वाफ तिच्यापर्यंत पोचते, चकती टक्कन उलटी वळते आणि वीज तुटते. झाकण उघडं राहिलं तर वाफ तिथवर जात नाही आणि पाणी उकळतच राहतं. पहिल्या किटलीतले स्विचचे पॉइंट काळे पडले होते. काकांनी पॉलिश पेपर फिरवला, दहा मिनिटांत ती चालू झाली. दुसरीला नवा स्विच हवा होता. सर्व्हिस सेंटरवर सांगितलं, "सुटा पार्ट मिळत नाही, नवीनच घ्या." तिसरी उघडलीच नाही, तिच्या स्क्रूला साधा स्क्रू ड्रायव्हर बसेना.

मागच्या वर्षी मी चार किटल्या भंगारात दिल्या होत्या. पुढे काही दिवसांनी नासर्डी नदीच्या काठी तांब्यासाठी तारा जाळत असलेले लोक दिसले. त्या तारा आमच्याच किटल्यांच्या होत्या का, ते सांगता येणार नाही. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा काठीने तो गुंता उलटापालटा करत होता आणि काळा धूर सरळ त्याच्या तोंडावर येत होता. तारांवरचं पीव्हीसीचं वेष्टन जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन यांसारखे विषारी घटक बाहेर पडतात. त्या दिवसापासून माळ्यावरची एकही किटली मी भंगारात दिलेली नाही.

ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आधी २१ वस्तू होत्या, आता १०६ झाल्या, घरातली छोटी विजेची उपकरणंही आली. पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि घरच्या कचऱ्यात मिसळून आलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत केंद्राकडे पाठवण्याची पालिकांवर. पण भंगारवाला दारात येतो आणि रोख पैसे मोजतो. नियमही तितकाच दारापर्यंत यायला हवा.

घंटागाडीची नाशिककरांना सवय आहे. महिन्यातला एक ठरलेला दिवस विजेच्या वस्तूंसाठी ठेवा, गाडीला वेगळी पेटी लावा. भंगार गोळा करणाऱ्यांना वगळू नका. त्यांची नोंदणी करा आणि वस्तू न जाळता केंद्रावर पोचवल्याचे पैसे त्यांना द्या, त्या मुलाचं घर त्यावरच चालत असणार. दुसरं म्हणजे, किटलीचा स्विच आणि बेस सुटा विकणं कंपन्यांना बंधनकारक व्हावं, त्यासाठी केंद्र सरकारकडे राज्याने आग्रह धरावा. काकांसारखी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यांना पार्ट मिळू द्या.

जूनमध्ये नव्या मुली येतील. त्याआधी दिवस कळवलात तर किटल्या माळ्यावरून उतरवून, वायरी गुंडाळून मी दारात ठेवीन. दहाच असतील. अकरावी काकांनी दुरुस्त केलेली, ती आता आमच्या स्वयंपाकघरात चालू आहे.

आपली,
गंगापूर रोडवरची एक घरमालकीण, नाशिक