फ्लश टँक बदलण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

कमोडमध्ये रात्रभर पाणी झिरपतंय आणि प्लंबर म्हणतो अख्खा फ्लश टँकच बदला, असं बाबा फोनवर म्हणाले. एवढ्यात हो म्हणू नका. प्लास्टिकची टाकी सहसा खराब होत नाही, तिच्या आतली रबरं होतात. ती सुटी मिळतात.

आधी गळतंय कुठून ते बघा. झाकण काढलं की मधोमध उभा फ्लश व्हॉल्व दिसेल आणि बाजूला पाणी भरणारा बॉल कॉक. फ्लश व्हॉल्वच्या पोटातून वर आलेली पोकळ नळी म्हणजे ओव्हरफ्लो. पाणी तिच्या तोंडाला लागून आत पडत असेल, तर दोष बॉल कॉकचा. पातळी चांगली खाली असूनही कमोडमध्ये पाणी ओघळत असेल, तर फ्लश व्हॉल्वच्या बुडाचं रबर गेलंय. नक्की कळत नसेल तर रात्री टाकी भरू द्या, टाकीला पाणी सोडणारा भिंतीतला नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा आणि टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा. सकाळी पाणी खाली गेलेलं असेल तर रबर, जागच्या जागी असेल तर बॉल कॉक. त्या रात्री बादली भरून ठेवा, नाहीतर पहाटे कुणीतरी फ्लश दाबेल आणि सगळी परीक्षा फुकट.

माझा संशय रबरावर आहे, कारण तुमच्याकडे बोअरचं पाणी. क्षार रबरावर बसतात, ते कडक होतं आणि मग बुडाला नीट टेकत नाही. काम असं: अँगल कॉक उजवीकडे फिरवून बंद करा. जाम असेल तर पान्याने जोर लावू नका, तो भिंतीतच मोडतो. त्याऐवजी संडासाच्या लाइनचा वरचा कॉक बंद करा. मग फ्लश दाबून टाकी रिकामी करा. फ्लश व्हॉल्व दोन्ही हातांनी धरून डावीकडे साधारण पाव फेरा फिरवला की बहुतेक टाक्यांत तो सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी बांगडीसारखं रबर असतं. ते नखाने हलकेच काढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर चिरतं.

रबर मऊ असेल आणि नुसता पांढरा थर असेल, तर लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबाचं सत्त्व घालून अर्धा तास बुडवा आणि बोटाने चोळा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र लावू नका. रबर टेकतं ती टाकीच्या बुडाची कडाही फडक्याने पुसा. आईने तिथे बोट फिरवून बघावं, खरखर लागली तर अजून क्षार आहेत. नुसतं नवं रबर बसवून उपयोग नाही, ही कडा तशीच राहिली तर चार दिवसांत पुन्हा गळणार. रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर जुनं खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जा. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.

बॉल कॉकचं काम सोपं. फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली इंचभर ठेवा. तरीही पाणी थांबत नसेल तर आतल्या वायसरमध्ये कचरा अडकलाय. टोपी उघडून धुवा. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की हे हमखास होतं.

बाहेरून ठिबकत असेल तर सगळे सांधे कोरडे पुसा आणि प्रत्येकाला कागदी रुमाल गुंडाळा. पहिला ओला होईल तो सांधा गुन्हेगार. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर, तेव्हा दुर्लक्ष नको. अँगल कॉकपासून टाकीपर्यंत येणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळणं ही प्लंबर लोकांची आवडती सवय, पण तिचा उपयोग नाही. वायसर बदला, नट हाताने आवळा आणि वर पान्याने पाव फेरा, बास. जास्त आवळलं तर टाकीचा प्लास्टिकचा आटा तडकतो, आणि मग खरंच नवा खर्च येतो. टेप लागते ती अँगल कॉक भिंतीत बसतो त्या आट्यावर, आणि ते काम प्लंबरचंच.

एका गोष्टीला मात्र अजिबात हात लावू नका. फ्लश केल्यावरच कमोडच्या बुडाशी ओल येत असेल, तर आउटलेटचा, म्हणजे घाण बाहेर जाते त्या तोंडाचा, सांधा सुटलाय. ते घाण पाणी असतं आणि पुढे खालच्यांच्या छताला उतरतं. तो संडास वापरायचं थांबवा आणि प्लंबर बोलवा. वरून पांढरं सिमेंट फासून देतो म्हणाला तर नाही म्हणा. आतला सांधाच नव्याने करायला लावा.

बाबा, स्टुलावर चढायचं नाही, टाकी तुमच्या कमरेएवढीच आहे. आधी फरशी कोरडी करा. आणि रबर काढलंत की त्याचा फोटो पाठवा. तुमच्याकडे मिळालं नाही तर इथून कुरिअर करते.

तुमची,
ताई