पिठल्याला कस्टर्ड म्हणणारं ॲप

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "ठेवतो, बॅटरी संपतेय" म्हणतात, म्हणून कागदावर लिहितेय.

बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ आली. डॉक्टर 'बॉर्डरवर' म्हणाले आणि बाबांनी अर्थ लावला, म्हणजे अजून आपल्याच हद्दीत! बाबा, ५.७ ते ६.४ ही प्रीडायबेटिसची पट्टी, ६.५ पासून मधुमेह. गोळी दिली नाही ती खाण्यापिण्याने अजून मागे फिरता येतं म्हणून.

ताटाच्या फोटोवरून पदार्थ ओळखून कॅलरी सांगणारं ॲप मी मोबाइलमध्ये टाकून दिलं त्याचा तुम्हाला राग आहे, ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी त्याने आईच्या पिठल्याला कस्टर्ड म्हटलं आणि आईने त्याच्याशी अबोला धरला. चूक त्याचीच. कॅलरीचे आकडे सोडूनच द्या, त्याला ना आपली वाटी माहीत ना भाकरीची जाडी. पण जेवायच्या आधी ताटाचा फोटो तेवढा काढा. गेल्या आठवड्यातले फोटो मी रात्री ओळीने पाहिले. भाजी चमचाभर, कोशिंबीर दोनच ताटांत, भाताचा डोंगर मात्र रोज. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, रात्री वरीचे तांदूळ. उपास कसला, तिन्ही त्रिकाळ पिष्टच की! ताटावर बसलं की हे दिसत नाही. आधी उसळ-कोशिंबीर, मग भाकरी, भाताची अर्धी मूद शेवटी, असं करून बघा.

"मोबाइलने कुठे साखर उतरते?" असं विचारलंत ना बाबा? दक्षिण भारतात ५३७ नोकरदार पुरुषांवर हे करून पाहिलंय, २०१३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहाच्या नियतकालिकात छापूनही आलं. सगळे असेच बॉर्डरवरचे. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिला, पण निम्म्यांच्या मोबाइलवर त्यानंतरही संदेश जात राहिले, साधे एसएमएस. दोन वर्षांत संदेशवाल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. कुणीतरी सारखी आठवण करून देत होतं, एवढंच. (आई हेच काम तीस वर्षं फुकट करतेय म्हणा.)

चहाचं मात्र ॲपने उघडं पाडलं. चार कप, कपात दोन चमचे. "मी गोड खातच नाही" म्हणणारे बाबा दिवसाला आठ चमचे साखर पितात! आई, सकाळीच बाबांची चार चमचे साखर छोट्या वाटीत काढून ठेव. दिवसभराचा चहा तेवढ्यातच, वाटी रिकामी झाली की बिनसाखरेचा. आणि गुळाची पळवाट नको, तीही साखरच.

शनिवारी येतेय. पिठलं-भाकरी करून ठेव. फोटो मी काढीन, आणि पिठल्याचं नाव माझ्या हाताने टाइप करीन.

तुमची,
मनू