आपल्या मारुतीचं इंजिन आणि ओमची शर्यत

नेरुळ, शुक्रवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनाने सांगते, म्हणून लिहूनच पाठवते आहे. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. दादाच्या ओमने फॉर्म्युला रेसिंगचा, म्हणजे एका सीटच्या, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतींचा हट्ट धरलाय, त्याला एकदम नाही म्हणू नका, आणि एकदम हो तर मुळीच म्हणू नका. हा प्रकार आपल्याकडे कसा उभा राहिला ते आधी वाचा. पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते त्यातूनच कळेल.

बाबा म्हणाले, "हे श्रीमंतांचे परदेशी चोचले." सुरुवातीला होतंही तसंच. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा, त्याच्या शर्यती या धावपट्टीवर व्हायच्या. ज्याच्याकडे पैसा तो परदेशी गाडी आणायचा. विजय मल्ल्या तर एन्साइन ही फॉर्म्युला वनची गाडी तिथे पळवायचे. बाकीचे हेराल्डसारख्या गाड्यांची इंजिनं घेऊन घरीच काहीतरी जुळवायचे. बघायला मजा, पण एकाच्या हातात तलवार आणि दुसऱ्याच्या हातात विळी असली की चांगलं कोण लढतं ते कळणार कसं? पोरांमधून ड्रायव्हर निवडायचा तर सगळ्यांना गाडी सारखी हवी, आणि ती आपल्याकडे दुरुस्त होणारी हवी.

हे ज्याला उमगलं तो माणूस कोइम्बतूरचा, एस. करिवर्धन. गिरणीमालकांच्या घरातला, पण हात ग्रीसमध्ये. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने एकाच नमुन्याच्या छोट्या गाड्या बांधल्या: एकच सीट, चाकं उघडी, इंजिन मारुती ८०० चं. ‘फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘फिस्मे’. लोक सरळ फॉर्म्युला मारुती म्हणायचे. म्हणजे चरईत आपल्या इमारतीखाली धूळ खात उभी आहे ना, तिच्याच पोटातलं यंत्र. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आतबाहेर.

हे इंजिन सोयीचं का, तर मारुतीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गोळ्यात, आडवे बसवलेले असतात आणि दोन्ही बाजूंनी चाकांकडे जाणारे शाफ्ट बाहेर निघतात. तो गोळा अख्खा उचलायचा आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवायचा, की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागच्या चाकांवर चालू लागते. वेगळा गिअरबॉक्स नको, आणि क्लच प्लेट गावोगावच्या गॅरेजात मिळते.

दुखणीही त्यातूनच येतात. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी आणि गिअरबॉक्स पाठीमागे, त्यामुळे मधलं लिंकेज, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या दांड्या, लांब होतं. त्याच्या सांध्यांत थोडा जरी ढिलेपणा आला की तिसऱ्याऐवजी पहिला पडतो आणि इंजिनाचे फेरे नको तितके वर जातात. रेडिएटर पुढे ठेवला तर पाण्याचे पाइप गाडीभर फिरवावे लागतात. भरताना त्यांत हवा अडकली तर तापमानाचा काटा स्थिर दिसतो आणि आत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालची सीलबंद करणारी पट्टी, जळत असतं.

सगळ्यात कपटी दुखणं तेलाचं. रस्त्यावरच्या इंजिनात तेल खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेल्या भांड्यात साठतं. लांब वळणावर गाडी जोरात घातली की ते सगळं एका कडेला चढतं, पंपाची नळी उघडी पडते आणि तेलाऐवजी हवा ओढते. दोन-तीन सेकंद पुरतात, बेअरिंगवरचा तेलाचा थर फाटतो. ड्रायव्हरला काहीच कळत नाही. दोन फेऱ्यांनी खालून टकटक ऐकू येते आणि तोवर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, खरवडलेला असतो. उपाय साधा आहे: संपमध्ये उभे पत्रे जोडायचे, म्हणजे तेल एकदम पळत नाही. बाबा, डब्यातलं ताक प्रवासात हिंदकळू नये म्हणून आई जी खटपट करायची, तीच ही.

या गाड्यांनी काय दिलं? १९९० मध्ये मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टाईला ३.७ किलोमीटरचा खरा ट्रॅक झाला. नारायण कार्तिकेयनची पहिली शर्यत याच परिसरात, फॉर्म्युला मारुतीतच झाली आणि पहिल्याच वेळी तो पहिल्या तिघांत आला. पुढे २००५ मध्ये जॉर्डन नावाच्या संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय तोच. करुण चांडोकही फॉर्म्युला मारुती चालवूनच वर गेला आणि २०१० मध्ये फॉर्म्युला वनला पोचला. करिवर्धनला हे पाहायला मिळालं नाही. १९९५ मध्ये तो विमान अपघातात गेला. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला २००३ मध्ये सुरू झालेल्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकला त्याचंच नाव आहे, करी मोटर स्पीडवे.

मारुतीनंतरचं नाव एलजीबी. बाबा, तुम्हाला ‘रोलॉन’ ही मोटारसायकलची चेन आठवत असेल. ती बनवणारी कोइम्बतूरची कंपनी. त्यांच्या नावाच्या गाड्या जेके टायरच्या पाठबळावर राष्ट्रीय स्पर्धेत आल्या. त्यांतली एलजीबी फॉर्म्युला ४ ही तेराशे सीसीच्या सुझुकी इंजिनाची, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याची गाडी. नावात ४ असला तरी जगभर जिला फॉर्म्युला ४ म्हणतात ती ही नव्हे. ओमने दोन्हींचा घोळ घातलाय आणि तोच तुमच्या गळी उतरवलाय.

जागतिक नियमांची फॉर्म्युला ४ ही एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेची. गेऱ्हार्ड बर्गर हा जुना ड्रायव्हर तिथल्या समितीवर असताना तिची आखणी झाली आणि २०१४ मध्ये इटलीत ती प्रथम धावली. आपल्याकडे यायला २०२३ उजाडलं. गाडी फ्रान्सच्या मिगालची, कार्बन फायबरचा सांगाडा, डोक्याभोवती हॅलो नावाची कमान, १.३ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद पावणेदोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. वयाची किमान अट १५. चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या साडेतीन किलोमीटर रस्त्यावर रात्रीची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती, ती मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे गेली आणि ३१ ऑगस्ट-१ सप्टेंबर २०२४ ला झाली. ओमने दाखवलेला व्हिडिओ त्याच रात्रीचा.

आता माझं मत. पहिल्या दोन्ही हंगामांची विजेतेपदं परदेशी पोरांनी नेली, २०२३ ला ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, २०२४ ला दक्षिण आफ्रिकेचा अकिल अलीभाई. आपली पोरं कमी पडतात असं मला वाटत नाही. ती इथवर येतात तेव्हा त्यांच्या गाठीला किलोमीटर कमी असतात, आणि त्याला मधली पायरी गाळायची घाई कारण आहे.

पायऱ्या अशा. पहिली कार्ट, म्हणजे जमिनीलगतची छोटी उघडी शर्यतीची गाडी. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात, म्हणजे दर वेळी मद्रास गाठायला नको. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलंच पाहिजे, नाहीतर कार्ट सरळच रेटत जाते. ते चाक उचलण्यासाठी स्टिअरिंग किती आणि कधी वळवायचं, हे अंगात मुरायला दोन वर्षं लागतात. घरातल्या सिम्युलेटरवर ते बुडाला जाणवत नाही.

दुसरी पायरी एलजीबी. इथे गिअर आला, पुढच्या चाकांना ब्रेक आला आणि हवेच्या दाबाचं गणित आलं. समजा सकाळी ३० अंशांना टायरमध्ये १८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरलं. पळून टायरमधली हवा ८० अंशांवर गेली की तोच दाब २३ च्या पुढे जातो, टायरचा मधला भाग फुगतो, कडा टेकत नाहीत आणि गाडी घसरते. म्हणून थंड दाब भरताना गरम दाबाचा हिशेब मनात ठेवायचा. हे न कळणारा पोरगा ‘सेटअप खराब’ म्हणून मेकॅनिकवर खेकसतो.

आईचा प्रश्न, अपघाताचा. लपवत नाही. उघड्या चाकांचा धोका वेगळाच आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची मागची बाजू खालून वर फिरत असते. मागून येणाऱ्याचं पुढचं चाक तिला टेकलं की ते त्याला वर उचलतं आणि अख्खी गाडी हवेत जाते. म्हणून चाकात चाक घालायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बचावाला सहा टोकांचा पट्टा, हेल्मेटला बांधून मान धरणारं हॅन्स नावाचं साधन, आगीला दाद न देणारे कपडे आणि नीट ओतलेली सीट.

ओतलेली म्हणजे शब्दशः. मुलाला कॉकपिटमध्ये बसवायचं, पाठीमागे जाड प्लास्टिकची पिशवी ठेवायची, दोन द्रव एकत्र ढवळून तिच्यात ओतायचे. काही मिनिटांत फेस फुगून अंगाच्या आकारात घट्ट होतो. गरम होतो, तेव्हा पोरं किंचाळतात. जास्त ओतलं तर ड्रायव्हर वर उचलला जातो, आणि हेल्मेटचा माथा तर रोल हूपच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या मागच्या कमानीच्या, रेषेखालीच राहिला पाहिजे. कमी ओतलं तर वळणावर बरगड्या आपटतात. वाढत्या वयात ती परत ओतावी लागते, तो खर्च धरा.

खर्चाचंच सांगते. गाडी विकत घ्यायची नसते. संघ हंगामाचे पैसे घेतो; गाडी, मेकॅनिक, बहुतेक वेळा टायरही त्यात. सहीआधी एकच गोष्ट शोधा: ठोकली तर भरपाई कोणाची आणि वर मर्यादा काय. एलजीबीची वाकलेली नळी कापून वेल्डिंग करता येते. फॉर्म्युला ४ च्या कार्बनला तडा गेला तर शेडमध्ये बसून काही होत नाही. गावदेवीजवळचा गाळा विकून थेट फॉर्म्युला ४ ही दादाची कल्पना मला म्हणूनच पटत नाही. गाळा राहू द्या. त्याच्या भाड्यात कार्टिंगचा बराचसा खर्च बसवता येईल.

कागद: एफएमएससीआय ही आपली राष्ट्रीय संघटना, तिचा स्पर्धा परवाना लागतो. ओम अठराच्या आत, तेव्हा पालकांची सही आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र. आरटीओच्या लायसन्सचा इथे संबंध नाही, बाबा. ट्रॅक म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे.

आणि आई, पोरींचं विचारलंस म्हणून: मद्रासच्या एमआरएफ चॅलेंज या शर्यतमालिकेचं २०१८-१९ चं विजेतेपद जेमी चॅडविक या इंग्लिश मुलीने मुलांना हरवून मिळवलं. शेजारच्या काकूंना सांग.

रविवारी सकाळच्या लोकलने येते. मारुतीची चावी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात असेल, ती काढून ठेवा. तेल जुनं असेल ते मी उतरवते, जुनी पातेली आणि चिंध्या लागतील. ओमला म्हणावं जुने कपडे घाल. संप खोलून आतली तेलाची नळी कुठे आहे ते त्याने आधी हाताने चाचपायचं आहे.

तुमची,
माई