पक्षीसहल कॅलेंडर पाहून नको, पाणी पाहून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन तारखांच्या मध्ये राज्यभर पक्षी सप्ताह साजरा होतो. मराठवाड्यातल्या शाळांनाही तेव्हाच नाथसागराची, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, आठवण होते. हेतू उत्तम, पण वेळ चुकते. चांगला पाऊस झालेल्या वर्षी नोव्हेंबरात जलाशय काठोकाठ असतो आणि तुतारी, शेकाट्या, शराटी अशा चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागाच नसते. रब्बीच्या पिकांसाठी कालव्यांतून पाण्याची आवर्तने सुटली, पाणी उतरले, की जानेवारीत उथळ काठ उघडा पडतो. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, पट्टकदंब हंस यांना पाहण्याचे दिवस ते. रोहित (फ्लेमिंगो) बहुधा त्याहूनही उशिरा दिसतात. म्हणून नोव्हेंबरात वर्गात चित्रांवरून ओळख करून द्यावी आणि सहल जानेवारीत काढावी. आशियाई पाणपक्षी गणनाही त्याच महिन्यात असते.

सूर्योदयाला, म्हणजे सातच्या सुमारास, काठावर हजर असावे. सूर्य पाठीशी राहील असा पूर्वेकडचा काठ निवडावा. उलट बाजूला उभे राहिले की हळदीकुंकू बदक काय आणि थापट्या काय, सगळ्यांच्या काळ्या आकृत्याच दिसतात. दहानंतर उन्हाने पाण्यावरची हवा थरथरते, दूरचे काही नीट दिसत नाही.

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरेशी. जास्त ताकदीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच वाढतो. मुलांना ‘धूसर दिसतंय’ असे होते ते बहुतेक वेळा दुर्बीण लावून न दिल्यामुळे. आधी दोन्ही नळ्यांतले अंतर डोळ्यांएवढे करावे, उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे, मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवावी. चष्मा असेल तर रबरी कडा दुमडाव्यात.

आठ-दहा मुलांचा एक गट, सोबत एक जाणकार. भडक कपडे नकोत. बेशरमीच्या किंवा बाभळीच्या आडोशाने सावकाश पुढे जावे. बदकांनी माना उंचावल्या, पोहत आत सरकू लागली, की तिथेच थांबावे. फोटोसाठी थवा उठवणे तर सरळ अपराधच मानला पाहिजे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची खाण्याची वेळ आपण हिरावून घेतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत, ड्रोन उडवू नये.

पाणी ओसरलेल्या जागी गाळपेराची पिके असतात. बांधावरूनच चालावे आणि शेतकऱ्याला आधी विचारावे. त्यापुढच्या गाळावर मुलांना मुळीच सोडू नये. वरची पापडी भेगाळून वाळलेली दिसते, खाली गुडघाभर राड असते.

मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे नजरेत बसवावे आणि त्या मापाने डावीकडून उजवीकडे सरकावे. दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहावेत. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, जात, संख्या आणि पाणी किती उतरले होते तेही लिहावे. ही शेवटची नोंद बहुतेक जण टाळतात. पण यंदा चक्रवाक कमी का दिसले, याचे उत्तर पुष्कळदा तिच्यातच असते.

आपले,
छत्रपती संभाजीनगर परिसरातील काही पक्षीनिरीक्षक