‘नेहमीपेक्षा’ हा शब्द डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ऐकायला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी पत्नी 53 वर्षांची आहे. वाशीच्या कार्यालयात नोकरी, रोज ठाणे-वाशी लोकलचा प्रवास, पहाटे उपवन तलावाच्या काठाने फेऱ्या आणि रविवारी येऊरचा चढ, असा तिचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. मधुमेह नाही, वजन आटोक्यात, तंबाखूचा तर संबंधच नाही. त्यामुळे तिला हृदयविकार असेल अशी शंका आम्हा घरच्यांना आली नाही आणि ज्यांना ती यायला हवी होती त्यांनाही आली नाही.

गेल्या मे महिन्यात येऊर चढताना ती मध्येच थांबू लागली. उन्हाळा आहे, असे ती म्हणाली आणि मीही मान डोलावली. ठाणे स्टेशनचा पूल चढताना ती कठड्याला टेकून पर्समध्ये पास शोधू लागे. पास नेहमी बाहेरच्याच कप्प्यात असतो हे मला ठाऊक होते, तरी त्याचा अर्थ मला लागला नाही. जिना चढताना तिचा खालचा जबडा जड होई, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठ भरून येई आणि दोन मिनिटे उभे राहिले की सारे निवळे. जबड्यासाठी ती दंतवैद्यांकडे जाऊन आली, पाठीला मलम लावले आणि थकव्याचे खापर रजोनिवृत्तीवर फोडले.

जवळच्या एका दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि ‘एवढं चालता, तुम्हाला काय होणार!’ असा दिलासाही मिळाला. तीन आठवड्यांनी पहाटे ती घामाने चिंब भिजून उठली, मळमळत होते, पाठ दुखायची थांबेना. रुग्णालयात रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले आढळले आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बहुतांशी बंद झालेली दिसली. स्टेंट बसवला, ती वाचली. परंतु त्या पहाटे स्नायूचा जो भाग निकामी झाला तो कायमचाच.

श्रमाने सुरू होणारा आणि विश्रांतीने थांबणारा त्रास, मग तो छातीत असो, जबड्यात, पाठीत किंवा हातात, हृदयाचा असू शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. टेबलावर शांत पडलेल्या माणसाचा ईसीजी त्या क्षणापुरतीच माहिती देतो. चढावर रक्त कमी पडते की नाही, हे त्यातून कळेलच असे नाही. स्त्रियांमध्येही छातीतील दुखणे हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे, पण त्याच्या जोडीने किंवा त्याच्याऐवजी दम लागणे, मळमळ, घाम, विलक्षण थकवा अशी लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात. शिवाय संशोधनातही स्त्रिया बराच काळ मागे राहिल्या. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहण्यासाठी 1982 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासातील 22,071 डॉक्टरांमध्ये एकही स्त्री नव्हती.

नियमित व्यायाम हृदयाला उपकारकच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु व्यायाम करणाऱ्या व्यक्तीची ताकद मुळात जास्त असल्याने ती घटली तरी इतरांच्या नजरेत भरत नाही. दम लागत असतानाही माझी पत्नी माझ्या पुढेच चालत होती! तिची तुलना माझ्याशी नव्हे, तर महिन्यापूर्वीच्या तिच्याशीच व्हायला हवी होती. ‘नेहमीपेक्षा जास्त दम लागतो’ असे ती दवाखान्यात स्वतःहून म्हणाली होती. त्यातल्या ‘नेहमीपेक्षा’कडे कोणी लक्ष दिले नाही, याची सल माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. मुलीच्या वेळी गरोदरपणात तिचा रक्तदाब वाढला होता आणि लघवीतून प्रथिने जात होती. अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातील मधुमेह आणि अकाली रजोनिवृत्ती यांचाही तसाच संबंध आहे. गरोदरपणात असे काही झाले होते का, हा प्रश्न त्यानंतरच्या 26 वर्षांत तिला एकाही तपासणीत विचारला गेला नाही.

आमच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत महिला दिनाला आरोग्य शिबिरे होतात. त्यांत हिमोग्लोबिन आणि हाडांची घनता तपासली जाते. त्याच अर्जावर गरोदरपणातील रक्तदाब व मधुमेह, रजोनिवृत्तीचे वय आणि चढताना नव्याने जाणवणारा त्रास यांविषयी प्रश्न छापावेत, अशी विनंती मी आमच्या सोसायटीच्या समितीला केली व तिने ती मान्य केली. इतर संकुलांनी आणि ठाणे व नवी मुंबई महानगरपालिकांच्या आरोग्य विभागांनीही याचा विचार करावा. असा त्रास बसूनही थांबला नाही, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आम्ही त्या पहाटे चहा करून पाऊण तास थांबलो होतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)