उन्हाळ्याचे फोटो तारीख-वेळेसह जपू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी आटोपली की आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर नागपूरच्या तापमानाचा आकडा येऊ लागतो आणि त्याच्या शेजारी एखादे छायाचित्र असते. बहुधा त्यात दुपट्ट्याने चेहरा गुंडाळून दुचाकीवरून जाणाऱ्या मुली असतात, नाहीतर पाण्यात उड्या मारणारी मुले, किंवा वाफाळल्यासारखा दिसणारा रिकामा डांबरी रस्ता. भर दुपारी उन्हात उभे राहून ही छायाचित्रे टिपणाऱ्या आपल्या छायाचित्रकारांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही बरीच वर्षे एक गोष्ट मनात घोळते आहे. आपण नागपूरकर घराघरांत, गच्चीवर, गल्लीत, बाजारात जो उन्हाळा काढतो, तो कुठेच नोंदवून ठेवला जात नाही. ती नोंद आपण वाचकांनीच आपापल्या मोबाइलवर करावी आणि आपल्या दैनिकाने तिला आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी महालात वाढले आणि लग्नानंतर धरमपेठेत आले. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर सकाळच्या फेरीला निघताना मोबाइल बरोबर घेऊ लागले आणि उन्हाळ्याचे फोटो काढण्याची सवय जडली. फेरी साधीच असते. गोकुळपेठेचा बाजार, तिथून महाराजबागेचा रस्ता, कधी सीताबर्डीपर्यंत, कधी उलट दिशेने फुटाळा तलावाच्या काठापर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि त्यानंतर जेमतेम तास-दीड तासच उजेड मऊ असतो. साडेसातनंतर पांढरा रखरखाट सुरू होतो, आणि दुपारी तर ऊन थेट माथ्यावरून पडत असल्याने माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खळगे दिसतात. त्यामुळे ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे त्यांनी पहाटे बाहेर पडावे, हे अनुभवाने सांगते. फोटोही चांगले येतात आणि ऊन लागण्याची भीतीही राहत नाही. फोनचाही विचार करायला हवा. ॲपल कंपनी आपला फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत वापरावा असे सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दिवे लागण्याच्या वेळेलाही हवा पस्तिशीच्या वर असते. दुपारी गच्चीवर फोन पाच मिनिटे उन्हात राहिला, तर पडदा मंदावतो आणि कॅमेरा बंद पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मी जे फोटो काढते त्यांत विशेष असे काही नसते. मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला कूलरच्या ताट्या भरणारे कारागीर बसतात. लाकडी चौकटीला जाळी ठोकून तिच्यात वाळा किंवा लाकडाचा भुसभुशीत पेंढा दाबून बसवताना त्यांची बोटे इतकी झरझर चालतात की फोटोत ती धूसरच येतात. नव्या ताटीवर पहिले पाणी पडल्यावर येणारा वाळ्याचा वास फोटोत उतरत नाही, पण ताटीच्या खालच्या कडेवरून ठिबकणारे तांबूस पाणी उतरते आणि तो फोटो पाहिला की वासही आठवतो. एप्रिलमध्ये बाजारात टरबुजांचे ढीग लागतात, रसवंत्यांच्या चरकाची घुंगरे वाजू लागतात, आणि बहाव्याचे पिवळे झुंबर सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणांवरून रस्त्यावर ओथंबते. मे महिन्यात आंबे येतात, आणि ज्या घरांत अजून हात चालतात त्या घरांत रसाबरोबर सरगुंडे होतात. आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या जातात. जुन्या सुती धोतरावर ओल्या कुरडयांच्या रांगा, चार कोपऱ्यांवर चार विटा आणि कावळ्यांसाठी बांधलेली काळी चिंधी, असा एक फोटो मी दर वर्षी त्याच कोपऱ्यातून काढते. पूर्वी आजूबाजूच्या गच्च्यांवरही अशीच वाळवणे दिसत. माझ्या पहिल्या फोटोत मागे तशा पाच गच्च्या मोजता येतात, गेल्या वर्षीच्या फोटोत आमची एकटीचीच आहे.

पाणपोईचे फोटो मला सर्वांत प्रिय आहेत. आमच्या भागात एका चौकाजवळ दर उन्हाळ्यात कडुनिंबाखाली वाळूच्या चौथऱ्यावर तीन रांजण मांडले जातात. एक मावशी पहाटे येऊन रांजणांभोवतीची लाल फडकी पिळून पुन्हा भिजवतात, वाळूवर पाणी शिंपतात आणि लांब दांड्याचे ओगराळे घासून पालथे ठेवतात. एकदा मी त्यांना न विचारताच फोन वर केला तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, माहा फोटो काहाले काढता? काढाचा आसन तं रांजनाचा काढा." मी लगेच फोन खाली घेतला आणि त्यांची क्षमा मागितली. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांनीच मला बोलावले आणि फडकी नवी आहेत तोवर फोटो घ्या असे सांगितले. तो फोटो मी छापून त्यांना नेऊन दिला. त्यात मावशींचा चेहरा नाही. ओगराळे धरलेला हात आहे, पुढे आलेली कोणाची तरी ओंजळ आहे आणि पाण्याची सरळ धार आहे. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही, हा नियम मी त्या दिवसापासून पाळते. पदपथावर सावलीला निजलेला रिक्षावाला किंवा उन्हाने घेरी येऊन बसलेला मजूर यांचे फोटो तर काढूच नयेत, तिथे पाणी द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकड्यांविषयी. आपण छापता तो तापमानाचा आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकावर तो घेतलेला असतो, आणि मोजण्याची योग्य रीत तीच आहे. पण त्यामुळे उघड्या डांबरावर उभ्या असलेल्या भाजीवालीच्या वाट्याला काय येते, ते त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय आकडाही कधीकधी फसवतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि तासाभरात ती देशभर पसरली. पुढे संवेदकात बिघाड असल्याचे हवामान विभागाने सांगितले, परंतु माझ्या ओळखीतील कित्येकजण आजही तो ५६चा आकडा खराच मानतात. नागपूरची खरी नोंदलेली कमाल, म्हणजे मे २०१३ मधील ४७.९ अंश, काही कमी नव्हती. आकड्याला फोटो पर्याय ठरणार नाही, हे मी जाणते. पण त्या दिवशी, त्या वेळी, त्या चौकात सावली कुठे होती आणि किती माणसे तिच्यात दाटीने उभी होती, हे फोटोच सांगू शकतो. सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधल्यापासून तर हे फार स्पष्ट दिसते. सिग्नल हिरवा झाला तरी क्षणभर कोणी जाळीखालून हलत नाही.

फोटोतल्या या नोंदीचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण घरचेच आहे. आमच्या गल्लीत दोन जुने कडुनिंब होते. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी सिमेंट थेट बुंध्यांपर्यंत आणून भिडवले. आम्ही तोंडी तक्रार केली, तिचे काही झाले नाही. दोन उन्हाळ्यांनंतर मी जुने फोटो काढून पाहिले. एकाच जागेवरून, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास काढलेले तीन वर्षांचे तीन फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात सावली रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर चढलेली होती, दुसऱ्यात तिला भोके पडली होती, तिसऱ्यात एका झाडाची सावली नुसत्या फांद्यांची उरली होती. ते तीन फोटो तारीख-वेळेसह अर्जाला जोडले आणि महिन्याभरात माणसे येऊन बुंध्यांभोवतीचे सिमेंट फोडून गेली. एक कडुनिंब सावरला, यंदा त्याला चांगली पालवी आहे. दुसरा तोवर वाळला होता. अर्ज एक वर्ष आधी केला असता तर तोही वाचला असता, असे मला अजून वाटते, आणि त्याच कारणाने मी इतर वाचकांनाही विनवते की आपल्या दारातल्या झाडाचा फोटो दर उन्हाळ्यात एकदा तरी काढून ठेवावा.

फोटो काढणे सोपे झाले आहे, जपणे मात्र अवघड. माझा पूर्वीचा फोन एका दुकानात दुरुस्तीला दिला असताना त्यातील सर्व साठा पुसला गेला आणि चार उन्हाळ्यांचे फोटो गेले. माझ्या सासूबाईंनी घातलेल्या शेवटच्या कुरडयांचा फोटो त्यांतच होता. काही फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले असल्याने परत मिळाले, पण ते लहान आणि अस्पष्ट होऊन आले, आणि मूळ फोटोत फोन आपोआप नोंदवतो ती तारीख, वेळ आणि जागेची माहितीही त्यांत राहिली नव्हती. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ती माहिती गळून पडते, हे मला तेव्हा समजले. तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवते, एका वहीत तारीख, वेळ, जागा आणि एक ओळ लिहिते, आणि पावसाळा लागला की त्या उन्हाळ्यातील निवडक बारा फोटो छापून घेते. बारा फोटो छापायला फार खर्च येत नाही, आणि छापलेला फोटो हातात धरून शेजारच्या आजी जे सांगतात ते फोनच्या पडद्याकडे पाहून कधी सांगत नाहीत. ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाचा एक फोटो पाहून त्यांनी मला त्यांच्या लहानपणचा सगळा काठ बोटाने आखून दाखवला.

म्हणून माझी विनंती अशी. मार्च ते जून या काळात आठवड्यातून एक दिवस, आतल्या पानावर का होईना, वाचकांनी आपल्याच वस्तीत काढलेले दोन-तीन फोटो आपण छापावेत. स्पर्धा नको, बक्षीस नको. स्पर्धा आली की लोक सजवलेले, रंग चढवलेले फोटो पाठवतात आणि शेजारच्या गल्लीऐवजी वाळवंट शोधायला निघतात. फोटोखाली जागा, तारीख आणि वेळ असावी, आणि ज्याचा चेहरा दिसतो त्याची परवानगी घेतल्याचे पाठवणाऱ्याने लिहून द्यावे. पुढच्या वर्षी शक्य तिथे त्याच जागेचा फोटो पुन्हा मागवावा. महाल, इतवारी, सदर, सक्करदरा, जरीपटका, प्रत्येक भागाचा उन्हाळा वेगळा आहे, आणि ज्या वस्त्यांत नळाला पाणी आल्यावर रांगा लागतात तिथल्या वाचकांचे फोटो आधी यावेत असे मला वाटते. हा संग्रह पाच-सहा वर्षांचा झाला की त्याची एक प्रत आपल्या अजब बंगल्यात ठेवता येईल का, हेही आपण विचारून पाहावे. १८६३ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात आमच्या लहानपणी आम्ही जुन्या मूर्ती आणि पेंढा भरलेले प्राणी पाहिले. या शहराने उन्हाळा कसा काढला, हे आमच्या नातवंडांना तिथेच पाहता यावे.

सुरुवात करण्यासाठी एक दिवस सुचवते. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि २६ मे हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवशी दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. गेल्या वर्षी मी गच्चीवर कुरडयांच्या शेजारी स्टीलचा उंच पेला ठेवून दर दोन मिनिटांनी फोटो काढला. पेल्याची सावली आखडत गेली, काठाच्या आत शिरली आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने बारीक रेघेसारखी बाहेर आली. ढग नसतील तर यंदा वाचकांनी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन केवळ पाच मिनिटांसाठी गच्चीवर किंवा अंगणात जावे, पेला, बाटली, खांब, जे सरळ उभे असेल त्याचा एक फोटो काढावा आणि जागेचे नाव लिहून आपल्याकडे पाठवावा. आपण जागा देणार असाल तर माझे गेल्या वर्षीचे फोटो आणि वहीतील नोंद आपल्या कार्यालयात आणून देण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर