आधी शेवटचं पान

गोरेगाव, मुंबई
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर आपलं बोलणं बीपीच्या गोळ्या, विहिरीवरचा पंप आणि "नातीची परीक्षा कधी" यातच संपतं. पुस्तकांचा विषय निघाला की बाबा, तुम्ही "हे घाईत बोलायचं नाही, सविस्तर लिही" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. तर हे सविस्तर. वेगळ्या पार्सलाने तीन कादंबऱ्या पाठवल्या आहेत. तिन्ही इंग्रजी, तिन्ही जुन्या मुंबईतल्या आणि तिन्हींत खून. बाबांनी लगेच नाक मुरडू नये. ज्या फोर्टात तुमची अख्खी नोकरी गेली, त्याच फोर्टात ही माणसं हिंडतात. शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून "आता बारीक अक्षरसुद्धा लख्ख दिसतं" असं तुम्हीच गावभर सांगत सुटला आहात.

पहिली नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'. ती घेतली राजाबाई टॉवरमुळे. ऑफिस सुटल्यावर ओव्हल ओलांडून चर्चगेटला जाताना तो रोज पाठीशी असतो. २५ एप्रिल १८९१ ला दोन पारशी तरुणी त्या टॉवरवरून पडून गेल्या, तेही दिवसाढवळ्या. त्यातल्या बच्चूबाई म्हणजे अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी, ज्यांनी पुढे १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला तेच गोदरेज. आपल्या माजघरातल्या त्या हिरव्या कपाटाच्या दारावर मी लहानपणापासून हे नाव वाचत आले आणि त्यामागे असं काही असेल हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. कोर्टकचेरी झाली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले, पण त्या दोघी पडल्या कशा हे आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. कादंबरीत कुटुंबाचं नाव बदललंय. पुण्याच्या हॉस्पिटलात पडलेला एक जखमी घोडदळी कॅप्टन, अर्धा हिंदी अर्धा इंग्रज, शेरलॉक होम्स वाचून वाचून स्वतःच शोधाला निघतो. मुंबईतला भाग झकास आहे. मग हे महाशय उत्तरेकडे मोहिमेवर जातात आणि गोष्ट मालगाडीसारखी प्रत्येक सिग्नलला थांबते. तिथली पानं बिनदिक्कत चाळा, काही बिघडत नाही.

खरी आवडली ती दुसरी, सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल'. साल १९२१. परवीन मिस्त्री नावाची पारशी मुलगी वडिलांच्या वकिली कचेरीत काम करते. कचेरी ब्रूस स्ट्रीटवर, म्हणजे आताचा होमी मोदी स्ट्रीट. बाबा, तुमच्या बँकेपासून चहा प्यायला जावं इतक्या अंतरावर! एका गिरणीमालकाच्या मागे तीन विधवा राहिल्यात. तिघी पडद्यात, मलबार हिलच्या बंगल्यात, परपुरुषाला तोंड दाखवायचं नाही. त्यांची मेहेरची, म्हणजे निकाहात बायकोला कबूल केलेली, रक्कम एका वक्फला, म्हणजे मुसलमानी धर्मादाय निधीला, देऊन टाकावी, असा तिघींच्या सह्यांचा कागद कचेरीत येतो, आणि त्या सह्याच परवीनला खटकतात. आता या बायकांना विचारणार कोण? पुरुष वकील फार तर जाळीपलीकडून बोलणार, तेही त्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसासमोर. आत जाऊन समोर बसणं फक्त हिलाच शक्य. सगळं रहस्य या एका अडचणीतून उभं राहतं. आपल्याकडच्या कितीतरी रहस्यकथांत खून आधी होतो आणि कारण मागून शोधून चिकटवतात. इथे त्या काळचा कायदा, ते घर, ती जाळी नसती तर गोष्टच घडली नसती.

लेखिकेला परवीन सुचली ती कॉर्नेलिया सोराबजींवरून. त्या आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६ चा. डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि परत आल्यावर बाई म्हणून कोर्टात उभं राहता येईना. बायकांना वकिलीची दारं कायद्याने उघडली ती थेट १९२३ साली. पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींची कामं त्यांनी बरीच वर्षं केली. म्हणजे कादंबरीतली जाळी कल्पनेतली नाही.

आई, यातलं एक प्रकरण तू वाचशील तेव्हा मी तिथे असायला हवी होते. परवीनचं आधी कलकत्त्याला लग्न झालेलं असतं. सासरी पाळी आली की तिला एका कोंदट, घाणेरड्या खोलीत वेगळं ठेवतात. मी ते गाडीत वाचत होते, बायकांच्या डब्यात, चौथ्या सीटवर अर्धी लटकत. आणि मला आपल्या घरातली मागच्या पडवीतली ती खोली दिसली, जिथे आता नारळ आणि शेणी ठेवतात. लग्नानंतर पहिल्यांदा गावी आलीस तेव्हा तुला घोंगडी देऊन तिथे बसवलं होतं, ताट दारातून सरकवायचे आणि तू रात्री घाबरून दिवा विझू द्यायची नाहीस, हे तू एकदाच सांगितलंस, भांडी घासता घासता. पुन्हा कधी त्यावर बोलली नाहीस. इतिहास म्हटला की आपण लगेच गड आणि घोडे काढतो. त्या खोलीवर कोणी बखर लिहिलेली नाही. म्हणूनच असल्या कादंबऱ्या मला हव्याशा वाटतात. राजांच्या, पेशव्यांच्या कादंबऱ्यांत मुदपाकखान्यातली बाई ताट ठेवून निघून जाते. इथे तिला विचारावंच लागतं, "तू काय पाहिलंस?" आणि मग तिची सगळी जिंदगी बाहेर येते.

तिसरी वसीम खान यांची 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस'. १९४९ ची शेवटची रात्र, प्रजासत्ताक महिन्यावर आलेलं, एका इंग्रज साहेबाचा खून होतो आणि तपास येतो पर्सिस वाडियाकडे, देशातली पहिली महिला पोलीस इन्स्पेक्टर. तिच्या वडिलांचं पुस्तकांचं दुकान आहे. वडील खवट, लेकीवर जीव टाकणारे आणि ते कबूल न करणारे. कोणाची आठवण झाली ते लिहीत नाही.

आता बाबांची पेन्सिल निघणार. "१९५० साली मुंबईत बाई इन्स्पेक्टर? आधार?" तुमच्या 'स्वामी'च्या प्रतीत समासभर ते 'आधार?' लिहिलेलं आहे, मी कॉलेजात असताना ते वाचून चिडायची. किरण बेदी आयपीएस झाल्या त्या १९७२ साली, तेव्हा पर्सिस ही सरळसरळ कल्पना. पण मला ते चाललं, कारण लेखक कोणत्या खऱ्या माणसाची जागा तिला देत नाही. नवा माणूस जुन्या शहरात सोडला, एवढंच. न चालणारं वेगळं असतं. मध्ये मैत्रिणीने आग्रहाने एक थरारक कादंबरी दिली, नाव सांगत नाही. त्यात प्राचीन मंदिर, गुप्त भुयार, भुयारात शिलालेख आणि शिलालेखात आजच्या मंत्र्याच्या खुनाचा धागा. इतिहास फक्त नेपथ्याला. दर दहा पानांनी कोणीतरी आपला सख्खा माणूस शत्रू निघतो, शेवटी मला मेलेल्यांचंही काही वाटेना. अंधेरी येईपर्यंत बंद करून पिशवीत टाकली.

आई, तुझ्या एका सवयीवर मी हल्ली बराच विचार करते. गिरगावात असताना तू लायब्ररीतून बाबुराव अर्नाळकर आणायचीस, झुंजार आणि काळापहाड, आणि आल्या आल्या उभ्यानेच शेवटचं पान वाचायचीस. बाबा म्हणायचे, "मग बाकीचं वाचतेस कशाला?" तू म्हणायचीस, "कोण ते कळलं की कसं ते निवांत वाचता येतं." आम्ही सगळे हसायचो. आता फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' बघ. १९७१ ची कादंबरी. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला भाडोत्री मारेकरी निघतो. द गॉल कोणाच्या गोळीने गेले नाहीत, १९७० मध्ये स्वतःच्या घरी गेले, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक. तरी तो माणूस मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर खोटा पासपोर्ट काढतो, बंदूक बनवून घेतो, ती कुठे लपवायची ते ठरवतो, आणि आपण नखं खात बसतो.

विश्वास पाटलांची 'पानिपत' या पावसाळ्यात पुन्हा वाचली, तेव्हाही तेच. १४ जानेवारी १७६१ ला काय होणार हे मराठी शाळेतल्या पोराला माहीत असतं. आणि तरी दर वेळी वाटतं, यंदा भाऊ यमुनेच्या अलीकडे अडकणार नाहीत, यंदा धान्य पोचेल, यंदा विश्वासरावांना ती गोळी लागणार नाही. 'स्वामी' वाचताना माधवरावांचा थेऊरचा शेवट जवळ यायला लागला की मी पानं हळू उलटते. खुनी कोण हे शेवटपर्यंत दडवणं ही मला आता जरा हलकी करामत वाटायला लागली आहे. शेवट समोर ठेवून धाकधूक लावणारा लेखक जबर. म्हणजे आई, तू तेव्हाच बरोबर होतीस आणि बाबा, हे वाक्य तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

आणि बाबा, तुमच्यासाठी खरा मुद्दा हा. पानिपताची बातमी पुण्याला कशी कळली ते तुम्हीच आम्हाला सांगायचात. सावकाराची चिठ्ठी, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही. नानासाहेब पेशव्यांच्या हाती ती वाटेतच लागली असं सांगतात. सांकेतिक पत्र! परदेशी थ्रिलरवाल्यांनी याच्यावर तीन भाग काढले असते.

त्याहून मोठं रहस्य तर आपल्या रत्नागिरीतच आहे. भाऊसाहेबांचं धड सापडलं म्हणतात, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. १७८३ मध्ये जाईपर्यंत त्या सौभाग्यवतीच राहिल्या. आणि इकडे एक कनोजी ब्राह्मण उभा राहतो, मीच सदाशिवराव भाऊ म्हणून. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला कैदेत टाकलं होतं. १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडतो, तेही ज्यांनी राखायचा त्यांच्याच आधाराने, आणि कोकणातले किल्ले पटापट त्याच्या नावाने दरवाजे उघडतात. का उघडले? लोक खुळे नव्हते. गादीवर दोन वर्षांचं मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, कारभार बारभाईंचा. पंधरा वर्षांपूर्वी गेलेला कर्ता माणूस परत आला तर बरं, असं वाटणारी किती घरं असतील, विशेषतः ज्या घरांतले स्वतःचे पुरुष पानिपताहून परतले नव्हते ती! एक जण परत येऊ शकतो तर आपलाही येईल. तो बोरघाटापर्यंत चढला, मग महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे मोडला, समुद्रावर पळाला, आंग्ऱ्यांनी धरला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला.

यात ओळख पटवणारी माणसं बघा. नाना फडणीस स्वतः पानिपताहून जीव वाचवून आलेले, भाऊंना जवळून पाहिलेले. ते म्हणणार तोतया, पण तसं म्हणण्यात त्यांचा स्वार्थही आहे. पार्वतीबाईंनी 'हेच' म्हटलं तर राज्य हलतं, 'हे नव्हेत' म्हटलं तर स्वतःचं कुंकू जातं. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' नाटक लिहिलं, ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' पार्वतीबाईंवर आहे. पण पुण्याहून एका साध्या कारकुनाला रत्नागिरीला पाठवलंय, "हा कोण ते पाहून लिही" म्हणून, आणि तो किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला, पाणक्याला, तोतयाचं जेवण करणाऱ्या बाईला एकेक करून विचारतोय, अशी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

ती तुम्ही लिहावी असं मला वाटतं. थट्टा नाही. निवृत्तीनंतर तुम्ही पेशवे दफ्तराची टिपणं काढून ठेवली आहेत, भगवतीच्या किल्ल्यावर आठवड्यातून दोनदा चढता (डॉक्टरांना सांगितलंय का?), आणि मोडीही येते. पहिलं प्रकरण नको, नुसता कारकून किल्ल्याच्या दरवाजाशी पोचतो एवढी दोन पानं लिहा. 'आधार?' मी लिहीन समासात. कोकणातलं कोण कसं बोलेल ते आईला विचारा, तुमची माणसं सगळी शाळामास्तरासारखी बोलतील नाहीतर.

पार्सलात पुस्तकांच्या खाली आईचे डोळ्यांचे थेंब आहेत, ते फ्रिजच्या दारात ठेवा. मोठ्या अक्षरांची प्रत फक्त मलबार हिलची मिळाली, तेव्हा बाबांनी तिथून सुरुवात करावी. मिळालं की फोन करा, पण रात्री नऊनंतर. सकाळी मी गाडीत असते, काही ऐकू येत नाही.

तुमची,
मनू